टॅक्स हेवन म्हणजे टॅक्सचा स्वर्ग नाही

"टॅक्स हेवन म्हणजे टॅक्स वाचवणाऱ्यांचा स्वर्ग" असं कित्येक वर्षं फॉरवर्डमध्ये फिरतंय. टॅक्स हेवन म्हणतात ते जिथे कर अगदी कमी असतो किंवा नसतोच अशा देशांना, पण यातला हेवन म्हणजे स्वर्ग नाहीये, बंदर आहे.

आता हा घोळ होणं अगदी साहजिक आहे कारण देवनागरीत आपण दोन्ही शब्द सारखेच लिहितो. इंग्रजी स्पेलिंग बघा मग लगेच कळतं, स्वर्गवाला एच-ई-ए-व्ही-ई-एन आणि आपला एच-ए-व्ही-ई-एन, मधला एक ई नाही. उच्चारही वेगळा, स्वर्गातला 'हे' आखूड आणि बंदरातला लांब, रेव्हनसारखा. कुठलीही डिक्शनरी उघडा, दोन वेगळ्या नोंदी मिळतील, मूळ शब्दही वेगवेगळे.

हेवन म्हणजे वादळवाऱ्यात जहाजांना आसरा देणारं बंदर. पावसाळ्यात समुद्र खवळला की कोकणात होड्या खाडीत आत आणून ठेवतात ना, तसली जागा. वेल्समधलं मिलफर्ड हेवन तर खरोखरच असं बंदर आहे, खूप आत शिरलेलं. कोपनहेगनच्या डॅनिश नावातलं शेवटचं 'हाव्न' याच कुळातलं, त्या नावाचा अर्थच व्यापाऱ्यांचं बंदर. पुढे अर्थ पसरला आणि कुठलाही आसरा म्हणजे हेवन झालं, सेफ हेवन त्यातूनच आलं, आणि टॅक्स हेवन म्हणजे करापासून आसरा मिळतो ती जागा.

हां, फ्रेंचमध्ये मात्र टॅक्स हेवनला 'पारादी फिस्काल' म्हणतात, म्हणजे शब्दशः करांचा स्वर्गच! त्यामुळे स्वर्ग ही कल्पना कुठेच नाही असं नाही, फक्त इंग्रजी शब्दाचा तो अर्थ नाही. मराठीत लिहिताना मला तरी 'करआसरा' जास्त बरोबर वाटतो.