मेडिकलचा प्रेफरन्स फॉर्म: मोठ्या कॉलेजचं नाव खाली ढकलू नका

नीटचा निकाल लागला की आमच्या भागातले आईवडील मुलांना घेऊन माझ्याकडे फॉर्म भरायला येतात. दोन वर्षांपूर्वी एका वडिलांनी शाळेच्या वहीत पेन्सिलीने एकवीस कॉलेजं लिहून आणली होती. पहिलं नाव शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचं, कारण "ते नक्की मिळतंय". मुंबईचं केईएम अकराव्या नंबरला. का, तर "वर टाकलं आणि नाही मिळालं तर पहिला नंबर वाया जायचा". मुलगी शेजारी गप्प बसून होती. तिला जायचं होतं मुंबईलाच.

ही भीती घरोघरी आहे आणि ती खोटी आहे. जागावाटप गुणवत्ता यादीच्या क्रमाने होतं. तुमच्या मुलीची पाळी आली की संगणक तिची यादी वरून वाचायला लागतो आणि जे पहिलं रिकामं कॉलेज सापडेल ते देतो. वरची दहा भरलेली असली तर अकरावं देतो. मागच्या रँकच्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या नंबरला लिहिलं असलं तरी तो तिच्या पुढे जात नाही. म्हणजे अवघड कॉलेज वर लिहिल्याने काहीच जात नाही. उलट "नक्की मिळणारं" पहिलं लिहिलंत तर तेच मिळतं, आणि खालच्या केईएमपर्यंत संगणक पोचतच नाही. आम्ही ती यादी खोडरबराने पुसून पुन्हा लिहिली. केईएम, जे. जे., सायन, नायर, पुण्याचं बी. जे., मग मिरज, सोलापूर, आणि शेवटी नवी कॉलेजं. 2024 मध्ये राज्यात गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, जालना अशी नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. काठावरच्या रँकला ही नावं मोठा आधार आहेत, ती गाळू नका.

मात्र जिथे मिळालं तर जाणार नाही, ते कॉलेज यादीत नकोच. अभिमत विद्यापीठांमध्ये अनेक ठिकाणी वर्षाची फी 20 लाखांच्या पुढे आहे. "टाकून तर ठेवू" म्हणून ती नावं टाकणाऱ्यांना नंतर रडताना मी पाहिलंय.

अंदाज घेताना गेल्या वर्षीचे मार्क बघू नका, रँक बघा. 2024 च्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. मार्कांची तुलना करून कितीतरी चांगल्या मुलांनी धीर सोडला. आपल्या प्रवर्गाचा, शेवटच्या फेरीतला शेवटचा रँक कोणता होता, तो शोधा.

अर्ज दोन ठिकाणी करायचे असतात. राज्याचा 85 टक्के कोटा सीईटी सेलकडे, म्हणजे राज्याच्या प्रवेश यंत्रणेकडे; सरकारी कॉलेजांतला 15 टक्के ऑल इंडिया कोटा एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या समुपदेशन समितीकडे. एम्स, जिपमर, अभिमत विद्यापीठं हेही एमसीसीकडेच. सिंधुदुर्गातल्या मुलांनी गोव्याचं बांबोळीचं कॉलेज ऑल इंडिया कोट्यात जरूर लिहावं. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज, हवं असेल तर एमसीसीवर नोंदणी करून तो पर्याय वेळेत निवडावा लागतो. पुढे वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. कॉलेज पुण्यात आहे म्हणून राज्याच्या कॅपमध्ये (सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांत) शोधत बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

आता कागद. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात जात पडताळणीत. जातीचा दाखला वेगळा, आणि तो पडताळून समिती देते ती व्हॅलिडिटी वेगळी. ती नसेल तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि मूल खुल्या यादीत ढकललं जातं. समितीत प्रकरणं महिनोन्‌महिने पडून राहतात, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात, आणि त्या दिरंगाईची किंमत मोजतं सतरा-अठरा वर्षांचं पोर. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून अकरावीला प्रवेश घेतल्याबरोबर कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज टाका. निकालाची वाट बघू नका.

दुसरी खोच अशी की राज्याचा नॉन-क्रीमीलेयर दाखला एमसीसीला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला दाखला हवा. भटक्या-विमुक्तांमधल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एसईबीसी (राज्यातलं मराठा आरक्षण) हा प्रवर्ग मात्र केंद्रात नाही. तिथे ते मूल खुल्यात धरलं जातं. उत्पन्नाच्या निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा. सेतू केंद्रात "केंद्राचा हवा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच हातात पडतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं स्कोअरकार्ड, फिटनेस सर्टिफिकेट ही नेहमीची यादी पुस्तिकेत आहेच. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, तेवढं पाहा.

पहिल्या फेरीत जागा मिळाली, प्रवेशही घेतला, आणि बेटरमेंटला, म्हणजे याहून चांगल्या कॉलेजसाठी पुढच्या फेरीत, जायचंय, तर दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या कॉलेजपेक्षा सरस वाटणारीच नावं ठेवा. नवं कॉलेज मिळालं की जुनी जागा आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. एका मुलाने पहिल्या फेरीचीच यादी पुन्हा भरली आणि राहत्या गावातलं कॉलेज सोडून पाचशे किलोमीटरवर जाऊन पडला. मिळालेल्यात समाधान असेल तर राज्याच्या कॅपमध्ये स्टेटस रिटेन्शनचा (आहे तीच जागा ठेवण्याचा) फॉर्म कॉलेजात भरून द्या, मग पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही.

एमसीसीच्या शेवटच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत तर जातेच, पुढच्या नीटलाही बसू देत नाहीत.

यादी लॉक करण्याआधी प्रिंट काढा आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावा. कोड चुकला की दुसऱ्याच गावचं कॉलेज येतं, आणि राज्याच्या फॉर्ममध्ये एमबीबीएसच्या रांगेत बीडीएसचा (दातांच्या डॉक्टरकीचा) कोड सहज घुसतो. केईएम हवं असलेल्या त्या मुलीला वाचताना अशा दोन चुका सापडल्या. हे काम शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका. त्या वेळी साइट रांगते, ओटीपी येत नाही, आणि मुदत संपली की एमसीसीवर जशी असेल तशी यादी आपोआप लॉक होते.