दिवा छापायचा तर अंधार हवा

ठाण्याच्या नौपाड्यातली जागा विकून मावशी घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहायला गेली. हॉलची एक भिंत रिकामी होती, आणि तिथे काय लावायचं हे तिचं आधीच ठरलं होतं.

“ती रविवर्म्याची दिवा घेतलेली बाई.”

“मावशी, ती रविवर्म्याची नाही.”

“गप रे. माझ्या माहेरी होती भिंतीवर.”

ती चूक तिच्या एकटीची नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापाच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती अशा भरल्या की साडीतली कुठलीही सुंदर बाई रविवर्म्याच्या नावावर जमा होऊ लागली. दिवा घेतलेली ही बाई सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची. १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र, समोर उभी त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले होते. आणि मुख्य म्हणजे हे तैलचित्र नाही, जलरंग आहे. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट फार कामाची ठरली.

मावशीने माझी वाट न बघता ऑनलाइन मागवून टाकलं. ‘३०० डीपीआय, म्युझियम क्वालिटी, कॅनव्हास’. आलं तेव्हा जांभळट साडी चहा सांडल्यासारखी दिसत होती आणि दिव्याच्या जागी हळदीचा डाग. “बाई तीच आहे, पण दिवा विझलाय,” मावशी म्हणाली. यापेक्षा नेमकं निदान मला पुढे कुठल्या जाणकाराकडूनही ऐकायला मिळालं नाही.

आधी त्या ३०० आकड्याचं बघू. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. नीट नजरेच्या माणसाला साधारण एक कलामिनिटाच्या, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाच्या, अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून जवळ आले की ते एकमेकांत मिसळतात. पुस्तक धरतो तसं ३० सेंटिमीटरवर धरलं तर हे अंतर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे इंचाला जेमतेम ३०० ठिपके. आकडा आला तो इथून. पण हॉलमधलं चित्र आपण सोफ्यावरून, सहा फुटांवरून बघतो. तिथून इंचाला ५० ठिपके असले तरी डोळ्याला फरक कळत नाही. जवळ जाऊन बघणाऱ्यांसाठी १५०-२०० धरा. त्यापुढचा आकडा जाहिरातीसाठी.

मग दिवा विझला कशाने?

जलरंगात शुभ्र उजेड सहसा रंगाने काढत नाहीत, कागद कोरा सोडतात. छापील प्रतीतही पांढरी शाई नसते. सगळ्यात उजळ जागा म्हणजे शाई न पडलेला कागद. म्हणजे ज्योत मूळ चित्रातही बहुधा कागदच आणि प्रतीतही कागदच. ती पेटलेली वाटते ती भोवतालच्या काळोखामुळे. डोळा उजेड सुटा मोजत नाही, शेजाऱ्याशी ताडून बघतो. तेव्हा दिवा छापायचा असेल तर आधी अंधार छापता आला पाहिजे, आणि छपाईत अंधारच महाग असतो.

चांगल्या जाड सुती मॅट कागदावर चांगल्या शाईचा काळा भागसुद्धा त्याच्यावर पडलेल्या उजेडातला दोन-अडीच टक्के परत पाठवतो. चकचकीत कागदावर हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतं. साध्या, लेप नसलेल्या कागदावरच्या ऑफसेट (छापखान्यातल्या नेहमीच्या) छपाईत मात्र ते सात टक्क्यांच्या घरात जातं. कागद ९० टक्के उजेड परतवतो असं धरलं, तर उजेड-अंधाराचं नातं चकचकीत कागदावर १८० ला १, सुती मॅटवर ४० ला १ आणि साध्या ऑफसेटमध्ये जेमतेम १३ ला १. तेराला एकमध्ये कसला दिवा पेटणार!

तो कॅनव्हास घेऊन आम्ही नौपाड्यातल्या एका फ्रेमवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी खिशातून भिंग काढून साडीच्या काठावर टेकवलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची बारीक फुलं, सगळी एका मापाची, रांगोळीसारखी. “ऑफसेट आहे हे. पोस्टर छापून कॅनव्हासवर चिकटवलंय.” मग त्यांनी जुन्या शिळाछापाचा एक फाटका तुकडा दाखवला. त्यात ठिपके होते, पण हाताने दिलेले, वेडेवाकडे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तिसरा तुकडा चांगल्या इंकजेटचा. त्यात फुलं नाहीत, रांग नाही, नुसते धुळीसारखे विखुरलेले कण. बाजारात यालाच ‘जिक्ले’ म्हणतात. फ्रेंच भाषेत ‘फवारणं’ या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक डुगान या छपाईकाराने हे नाव पाडलं. नावाचा दिमाख सोडला तर ती इंकजेट छपाईच.

नंतर काकांनी गल्ल्याशेजारचा नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. खरी नोट सुती कागदाची, त्या दिव्याखाली तिचा कागद उजळत नाही. मावशीचा कॅनव्हास कडेला, जिथे कागद उघडा होता, तिथे निळा चमकला. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. आजी धोतराला नीळ घालायची ती युक्ती जराशी वेगळी. नीळ पिवळेपणा शोषून घेते. ब्राइटनर न दिसणारे अतिनील किरण घेऊन त्यांचा निळा उजेड करून देतो, म्हणून कागद नवा असताना शुभ्राहून शुभ्र दिसतो. उन्हाने हे रसायन थकत जातं आणि कागद मूळच्या पिवळटपणावर येतो. आपली ज्योत कागदाचीच, तेव्हा ती आधी ट्यूबलाइटसारखी निळसर आणि काही वर्षांनी मळकी.

शाईचंही तसंच. डाय शाईत रंगाचा रेणू विरघळलेला, एकटा, उजेडाच्या माऱ्यात उघडा. पिगमेंट शाईत लाखो रेणूंचा घट्ट कण असतो. वरचे थर झिजले तरी आतले टिकतात.

आम्ही दुसरी प्रत मागवली ती सुती मॅट कागदावर, पिगमेंट शाईत, ब्राइटनरशिवाय. कॅनव्हासचा हट्ट मी मोडून काढला. कागदावरचं जलरंग चित्र कॅनव्हासवर छापणं म्हणजे पैठणीला जीन्सचं अस्तर. एक आठवडा मात्र भलत्याच कारणाने गेला. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे हे चित्र २०२८ अखेरपर्यंत मोकळं नाही, आणि हक्क घेऊन छापतो असं लेखी देणारा विक्रेता शोधावा लागला. रविवर्म्याच्या चित्रांना ही अडचण नाही.

पूर्ण प्रतीआधी आम्ही वीतभर नमुनापट्टी मागितली. साडीचा जांभळा रंग दुकानात छान दिसला, मावशीच्या हॉलमधल्या एलईडीखाली राखाडी. मूळ रंग आणि शाईचं मिश्रण उजेडातले वेगवेगळे पट्टे परतवतात. एका उजेडात दोघांची बेरीज जुळते, दुसऱ्यात फसते. मावशीला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. राम मारुती रोडला मॅचिंग ब्लाउज पीस दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघितल्याशिवाय तिने आयुष्यात घेतलेला नाही. बल्ब बदलला. खोक्यावर सीआरआय (बल्बखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला आणला, साडी परत जांभळी झाली.

उरली भिंत. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी त्या भिंतीवर ऊन येतं. थेट उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास जाते, आणि कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं ५० लक्स पाळतात. दोन हजार पट. उन्हातला एक तास म्हणजे संग्रहालयातले दोन हजार तास, रोजचे आठ धरले तर २५० दिवस. वर अतिनील किरण वेगळे, साधी काच त्यातले बरेच आत सोडते. शिवाय साधी काच समोरच्या उजेडातला आठेक टक्के आपणच परतवते. इतके पैसे मोजून मिळवलेला अडीच टक्क्यांचा अंधार खिडकीच्या प्रतिबिंबाखाली बुडाला असता.

मावशी रुसली, पण चित्र पॅसेजच्या आतल्या भिंतीवर गेलं. काच परावर्तन कमी करणारी घेतली. काकांनी काच आणि कागद यांच्यामधे माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवली आणि फ्रेमच्या मागे बुचाचे चार तुकडे लावले. ठाण्याच्या जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, फ्रेम भिंतीला टेकली की मागे बुरशी, आणि बुरशीपाठोपाठ कसर.

म्हैसूरला मूळ चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवतात, हे मी मावशीला बोलता बोलता सांगितलं होतं. परवा जेवायला गेलो तर पॅसेजची ट्यूब काढलेली, चित्रावर एकच लहान दिवा. बाथरूमला जाताना मी उंबऱ्याला ठेचकाळलो. “हळू,” ती आतून म्हणाली, “अंधार मुद्दाम ठेवलाय.”