फ्रेंचच्या 'नाही'त पाऊल कुठून आलं?

दारव्ह्याकडं माझी भाची मोबाइलवर फ्रेंच शिकते, म्हणजे रेंज आली की शिकते, अन् दर दोन दिवसांनी मला व्हॉइस मेसेज येतो. परवाचा होता, "मामा, एका 'नाही'साठी दोन दोन शब्द कायले पाह्यजे?"

पुस्तकात उत्तर सोपं आहे, क्रियापदाच्या आधी 'नं' लावा, नंतर 'पा' लावा, झालं. पण मजा आधीची आहे. फ्रेंच ज्या लॅटिनमधून निघाली, तिच्यात 'नोन' एकटाच पुरायचा, तो झिजून झिजून 'नं' झाला, अन् एवढासा आवाज बोलण्याच्या घाईत ऐकू येईना, म्हणून लोक जोर द्यायला मागून काहीतरी जोडायचे. चालत नाही तर पाऊलभर चालत नाही, पीत नाही तर थेंबभर पीत नाही, खात नाही तर चुराभर. 'पा' म्हणजे पाऊलच (आवाज जुळतो म्हणून नातं लावू नका, योगायोग आहे). आपल्याकडं बैल पाऊलभर हालून नाही राह्यला, विहिरीत थेंबभर पाणी नाही म्हणतातच की. फक्त तिकडं पाऊल चालणं सोडून खाण्यापिण्यालाही चिकटलं, थेंब अन् चुरा मागं पडले, अन् आता रोजच्या बोलण्यात लोक 'नं'च गाळतात, 'जं से पा' म्हणजे मला माहीत नाही. जोराला आणलेला पाहुणा घरमालक झाला म्हणा ना.

न उच्चारायची अक्षरं हा दुसरा कायमचा रडका प्रश्न. त्यातली काही पंडितांनी मागाहून घुसवली, लॅटिनशी नातं दिसावं म्हणून. वजनाचा शब्द आहे 'प्वा', त्यात एक मुका 'द' बसलाय, कारण शब्द लॅटिन 'पोंदुस'वरून आला असं वाटलं, खरा तो आला 'पेन्सुम'वरून! म्हणजे चूक त्यांची अन् स्पेलिंग पाठ करायचं पोरीनं. भाषेचे नियम ठरवणारी फ्रेंच अकादमी 1635 ची, तिचा पहिला शब्दकोश 1694 चा, अन् त्यानं असली जुनी स्पेलिंगं आणखीच पक्की केली.

80 ला 'कात्र व्हँ', म्हणजे चार विसा, हे मात्र तिला लगेच कळलं, आमची आई अजूनही आंबे विसानंच मोजते. मध्ययुगात तिकडं सहा विसा म्हणजे 120 पण म्हणायचे, अन् नवव्या लुई राजानं 13 व्या शतकात 300 आंधळ्यांसाठी पॅरिसात जे घर काढलं त्याचं नावच 'पंधरा विसा', आता त्याच नावानं डोळ्यांचा दवाखाना आहे. 70 ला साठ-दहा अन् 90 ला चार विसा दहा, इथं ती अडकली. मी म्हटलं, बेल्जियममध्ये 70 ला सरळ 'सेप्ताँत' अन् 90 ला 'नोनाँत' म्हणतात.

"मंग बेल्जियमचंच शिकवा ना मले, एवढे दिवस कायले लपवलं?"