ग्रासालेमा पर्वत निसर्ग उद्यान

दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात, कादिझ व मालागा या प्रांतांच्या सीमेवर पसरलेला चुनखडीचा डोंगराळ प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे 534 चौ. किमी. 1977 मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र मानले व 1984 मध्ये तो निसर्ग उद्यान झाला. एल तोर्रेऑन (सुमारे 1,650 मी.) हे सर्वोच्च शिखर. भूमध्य किनाऱ्यावरच्या मार्बेयाहून रोंदामार्गे गाडीने साधारण दोन तासांत ग्रासालेमा गाव गाठता येते.

अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे याच डोंगरांना अडतात. त्यामुळे येथे वर्षाला सुमारे 2,000 मिमी पाऊस पडतो. स्पेनमध्ये इतका पाऊस फार थोड्या ठिकाणी होतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखाच हा प्रकार, पण हंगाम उलटा : पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा ठणठणीत कोरडा.

एवढा पाऊस होऊनही माथ्यावर पाणी मिळत नाही, हे येथे चालायला येणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरतो, म्हणून गडांवर टाकी खोदता आली. चुनखडी ते धरत नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होते, दगड विरघळवत भेगा रुंदावते आणि डोंगराच्या पोटात उतरते. खडकावर बोटभर रुंदीच्या पन्हळी पडतात. त्यांच्या कडा सुरीसारख्या असल्याने पडताना हात टेकला तर तळवा सोलवटतो. जिथे ये-जा जास्त तिथला दगड मात्र गुळगुळीत झालेला असतो आणि ओला असताना बूट हमखास सरकतो. थंडीतही माणशी किमान दोन लिटर, उन्हात तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. माथ्यावर मुरलेले पाणी बेनामाओमा गावाजवळ मोठ्या झऱ्याने बाहेर येते. तिथून एल बोस्केपर्यंतची नदीकाठची सावलीची वाट मुलांना व वयस्करांनाही झेपते.

पिन्सापो हा फर जातीचा सूचिपर्णी वृक्ष हिमयुगानंतर या परिसरातील मोजक्याच डोंगरांवर टिकला. त्याच्या आखूड, ताठ सुया फांदीला चहूबाजूंनी लागतात. पिनार डोंगराच्या उत्तर उतारावर, जिथे ऊन कमी आणि धुके जास्त, तिथे त्याचे दाट वन आहे. ग्रासालेमा ते बेनामाओमा ही वाट त्यातूनच जाते. आधी चढ, मग घसाऱ्याची आडवी वाट आणि शेवटी लांबलचक उतार. वाट जिथे सुरू होते तिथे संपत नाही, म्हणून परतीच्या गाडीची सोय आधीच करावी.

ही वाट, तोर्रेऑनची चढाई आणि गार्गान्ता व्हेर्दे ही घळ यांसाठी परवाना लागतो. संख्या मर्यादित असल्याने तो आधीच काढावा. 1 जून ते 15 ऑक्टोबर या काळात वणव्याच्या भीतीमुळे राखीव भागातील वाटा पूर्णतः किंवा अंशतः बंद असतात. मार्च-एप्रिल सर्वांत चांगले. तोर्रेऑनचा चढ सुमारे 800 मीटरचा. तो छोट्या अंतरात उरकतो, पण उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते.

गार्गान्ता व्हेर्देत बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण तिथे उतार आधी आणि चढ नंतर असतो. सकाळच्या गारव्यात भराभर उतरलेली माणसे दुपारच्या उन्हात त्याच पायऱ्या चढताना पाणी संपवून बसतात. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, म्हणून तिथे मोठ्याने बोलू नये. तळाशी एर्मिता नावाची गुहा आहे, गुलाबी-हिरवट चुन्याच्या थरांनी मढलेली. तिच्यापुढे दोराशिवाय जाऊ नये.

चुनखडीचा स्वभाव सर्वांत ठळक दिसतो तो मोंतेखाके गावाजवळ. गादुआरेस नदीवर 1920च्या दशकात सुमारे 84 मीटर उंचीचे कमानी धरण बांधले गेले. पाणी साठेना, कारण ते खडकातील पोकळ्यांतून निसटत होते. भेगा सिमेंटने बुजवून पाहिल्या, तरी उपयोग झाला नाही. नदी आजही धरणाखालच्या उंदिदेरो गुहेत शिरते आणि डोंगरापलीकडे गातो गुहेच्या तोंडातून, बर्फासारखी गार, ग्वादियारो नदीला मिळायला बाहेर पडते.