एल-वनचं बेअरिंग आणि पुलगावचा डेपो

विहिरीवरची मोटर जळाली की देवळी-पुलगावकडचा मेकॅनिक बेअरिंग बोटावर फिरवून बघतो आणि विचारतो, "ओरिजनल टाकू का लोकल?" कापसाचे पैसे हातात यायचे असले की उत्तर ठरलेलं. लोकल टाक, हंगाम निघतो.

फौजेच्या खरेदीतही हा प्रश्न जुना आहे, फक्त तो टेंडरच्या भाषेत येतो. तोफा, विमानं भांडवली खर्चातून घेतली जातात. सुटे भाग, दारूगोळा, कपडे हे महसुली खर्चातून, आणि त्यासाठी 2009 चं संरक्षण खरेदीचं नियमपुस्तक बरीच वर्षं चाललं. आधी तांत्रिक पाकीट उघडायचं, मग दराचं. कमीत कमी दरवाला तो एल-वन. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचं कंत्राट घेणाऱ्यालाही हा शब्द पाठ असतो. तांत्रिक पाकिटात पास झालेले सगळे सारखेच धरले जातात, पोलाद कुणाचं किती वर्षं टिकेल याला वेगळे गुण नसतात.

विदर्भातले भंडारा, चांदा (भद्रावती) आणि अंबाझरी हे आयुध कारखाने 1962 च्या युद्धानंतरच्या दशकातले. त्यांना फौजेची मागणी टेंडरशिवाय थेट मिळायची. पण कारखाने स्वतःचा कच्चा माल आणि सुटे भाग बाहेरून टेंडरनेच घ्यायचे, आणि एल-वन आत शिरायचा तो याच दाराने. जबलपूरच्या आयुध कारखान्यातल्या 'धनुष' तोफेसाठी जर्मन म्हणून आलेली बेअरिंगं चिनी बनावटीची होती, असा गुन्हा सीबीआयने 2017 मध्ये नोंदवला. सौदा अवघा सहा नगांचा.

काटकसर साठ्यातही झाली. युद्धासाठी 40 दिवसांचा दारूगोळा ठेवायचा, हा मूळ दंडक. 1999 मध्ये लष्कराने निदान 20 दिवसांचा तरी असावा, अशी खालची रेघ आखली. मार्च 2013 ला निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरला नसता, असं कॅगच्या 2015 च्या अहवालात आहे.

आणि जो माल साठवला, त्याचं काय? 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा डेपोत आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. तिथल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होतं, हे नंतर पुढे आलं. सदोष दारूगोळ्यापायी 2014 पासूनच्या पाच-सहा वर्षांत साधारण 960 कोटी वाया गेले, असा लष्कराचा अंतर्गत हिशोब 2020 मध्ये बातम्यांत आला. एवढ्यात 155 मिलिमीटरच्या शंभर तोफा आल्या असत्या. काटकसरीने वाचवलेले किती, हा आकडा मात्र कुठे छापून येत नाही.

2021 मध्ये हे कारखाने सरकारी कंपन्या झाले. खरेदीचं नवं नियमपुस्तक नोव्हेंबर 2025 पासून लागू झालं.

पुलगावच्या डेपोचं, मुदत संपलेला माल निकामी करायचं मैदान सोनेगाव आबाजीच्या शिवारात आहे. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी तिथे पेट्या उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले. बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, रोजावर आलेले मजूर.