बाटलीतलं पाणी कोर्टात टिकतं का?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कर्नाटकाच्या सीमेवरल्या आपल्या चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागात कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावर मासे तरंगल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. खाली कारखान्याबद्दल ठरलेलं, 'केस ठोका', 'सोडू नका'. केस होतेही कधीकधी, पण पुढं काय झालं विचारलं तर कुणाला धड सांगता येत नाही. कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही, पाण्याचं प्रदूषण रोखायचा वॉटर ॲक्ट 1974 चा आहे, पन्नाशी ओलांडली त्यानं. गाडं अडतं ते नदीतून भरलेली बाटली आणि न्यायाधीशाचं टेबल यांच्या मधे कुठंतरी.

आधी मासे मरतात कशानं ते बघू. आपल्या हवेत स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. मळीमिश्रित पाणी नदीत आलं की त्यातलं गोड-सडकं खायला बॅक्टेरिया तुटून पडतात आणि खाताखाता पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात, मग मासे गुदमरतात, वेगळं विष घालायची गरजच नाही. हे बॅक्टेरिया किती ऑक्सिजन खाणार त्याचं माप म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम, आणि डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या पाण्याचा, बीओडी 40 हजारांच्या घरात असतो! म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश 5 हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन फस्त करू शकतो, लग्नकार्याला मागवतो तो अख्खा टँकरच की.

आता हे कोर्टात सिद्ध करायचं. बीओडीची टेस्ट आपल्याकडं 27 अंशाला 3 दिवस ठेवून करतात, पण बाटलीतल्या बॅक्टेरियांना कुठं माहितीय टेस्ट अजून सुरू व्हायचीय, ते जीपमध्येच खायला सुरू करतात. बर्फात न ठेवता नमुना दिवसभर उन्हात फिरवला की लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा खाली येतो, म्हणजे ढिसाळपणा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि स्वच्छ दिसणार कारखाना. ऑक्सिजनचं तर जागेवरच बघावं लागतं. काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडायचं, बूच लावून हलवायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर पाणी मेलेलं. मला वाटतं प्रत्येक मॅजिस्ट्रेटला हे एकदा तरी नदीकाठावर उभं करून दाखवावं, दहा लेक्चरनं जे होत नाही ते दोन मिनिटात होईल.

कारण कायदाही याच बाटलीभोवती फिरतो. वॉटर ॲक्टच्या कलम 21 प्रमाणं नमुना घेताना नोटीस द्यायची, समोरच्याच्या देखत दोन भाग करायचे, सील करायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. हे पाळलं नाही तर रिपोर्ट पुरावा म्हणून चालतच नाही. कारखानदार मुद्दाम गायब झाला तरी नमुना घेता येतो, फक्त तशी नोंद पाहिजे. बचावाचा वकील हुशार असतो, तो बीओडीवर वाद घालतच नाही, सही कुठाय, बर्फ होता का, पाणी पाइपाच्या तोंडाशी घेतलं की खाली नाल्यात, एवढंच विचारतो. आणि सकाळपासून चेक बाऊन्स आणि मारामाऱ्या ऐकत बसलेल्या कोर्टात सरकारी बाजूच्या वकिलाला यातलं उत्तर येत नसलं तर संपलंच की हो.

हे दुखणं एकट्या आपलं नाही. यूएन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण संस्था, तिच्या 2019 च्या रिपोर्टनुसार 1972 पासून जगात पर्यावरणाचे कायदे 38 पट झालेत, अंमलबजावणी मात्र मागंच. 2002 मध्ये जोहान्सबर्गला जगभरचे न्यायाधीश जमले होते, त्यांनीच सांगितलं की आम्हाला, सरकारी वकिलांना, कायदा राबवणाऱ्या सगळ्यांना तयार करा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला 1980 पासून यासाठी वेगळं कोर्टच आहे, ब्राझीलनं 1985 च्या कायद्यानं सरकारी वकिलांना पर्यावरणासाठी थेट दिवाणी दावा लावायचा अधिकार दिला, आणि फिलिपिन्सच्या 2010 च्या नियमांत तर शास्त्रीय खात्री पूर्ण नसेल तिथं संशयाचा फायदा लोकांच्या निरोगी पर्यावरणाच्या हक्काला द्यायचा असं लिहिलंय! आपल्या सुप्रीम कोर्टानंही 1999 मध्ये हैदराबादच्या तलावांजवळच्या कारखान्याच्या केसमध्ये, म्हणजे नायडू केसमध्ये, मान्य केलं की असल्या शास्त्रीय भांडणात न्यायाधीशांच्या शेजारी शास्त्रातली जाणती माणसं पाहिजेत. 2010 मध्ये पर्यावरणाच्या खटल्यांसाठी राष्ट्रीय हरित लवाद आला त्यात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात ते त्याच विचारातून.

पण सीमाभागाची गंमत वेगळीच. हिरण्यकेशी आंबोलीकडून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून पुढं आपल्याकडं येते. वर घाण मिसळली तर तिथलं मंडळ महाराष्ट्राचं, लवादाचं पुणे खंडपीठ, खाली मासे मेले तर मंडळ कर्नाटकाचं आणि खंडपीठ चेन्नईचं. पाणी एकच, फाइली दोन. वरचा नमुना सोमवारचा आणि खालचा गुरुवारचा असला तर नदीत नेमकं कुठं काय मिसळलं हे कुठल्याच तज्ज्ञाला सांगता येणार नाही, त्यामुळं दोन्ही मंडळांनी एकाच दिवशी, पाणी वाहायच्या वेळेचा हिशेब धरून नमुने घ्यायला हवेत, आणि ते मागायचं कसं हे दोन्हीकडच्या वकिलांना माहिती हवं. लवादाकडं जायला मुदत साधारण 6 महिन्यांची, भरपाईसाठी 5 वर्षांची, आणि मॅजिस्ट्रेटकडं तर साधा माणूससुद्धा 60 दिवसांची नोटीस देऊन फिर्याद करू शकतो.

शिवाय 2023 च्या जनविश्वास कायद्यानं पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची जेल काढून तिथं 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणलाय, आणि तो ठरवणार केंद्राचा सहसचिव किंवा राज्याचा सचिव दर्जाचा अधिकारी, कोर्ट नाही. बर्फ होता का, हे त्यालाही विचारता आलं पाहिजे ना.