नकली रक्त
नकली रक्त : चित्रपट, नाटक व मालिकांत जखम, खून किंवा अपघात दाखवण्यासाठी वापरायचे रक्तासारखे द्रावण. मुंबईच्या सेटवर त्याला नुसते ‘ब्लड’ म्हणतात आणि ते सांभाळायचे काम मेकअपदादांकडे असते. मोठ्या चित्रपटात प्रोस्थेटिक्सची (अंगावर चिकटवायच्या कृत्रिम जखमा व अवयवांची) वेगळी टीम असते. लघुपट आणि एकांकिकांचे रक्त मात्र बहुधा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तयार होते. कमी पैशांतले रक्त खोटे वाटते ते बहुतेक वेळा जखम किती जुनी आहे याचा विचार न केल्यामुळे.

खरे रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाट असते. धमनीतून उसळणारे भडक लाल, शिरेतले गडद. शरीराबाहेर आल्यावर साधारण 5 ते 10 मिनिटांत ते गोठू लागते. गुठळी आकसली की कडेला पिवळसर द्रव सुटतो. सुकताना हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि डाग तपकिरी, पुढे जवळजवळ काळा पडतो. म्हणून एकाच बाटलीवर अख्खा चित्रपट भागत नाही. सकाळी झालेला खून संध्याकाळी पोलिसांना सापडतो आणि फरशीवरचे थारोळे अजून कोकम सरबतासारखे ओले-चकचकीत असते, तिथे प्रेक्षकाचा विश्वास उडालाच म्हणून समजावे. ताजे, तासाभराचे आणि सुकलेले अशा किमान तीन छटा आधीच करून ठेवाव्यात.

हौशी रंगमंचावर कुंकवाचे पाणी आणि अळता हे जुने, स्वस्त उपाय. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ‘करणी’मागची हातचलाखी उघड करताना हाच प्रयोग करून दाखवतात. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून हे रक्त चालून जाते. क्लोज-अपमध्ये मात्र कुंकवाचे कण वेगळे दिसतात, आणि लिंबू-व्हिनेगरासारखे आंबट काही लागले की हळदीचा लाल पुन्हा पिवळा होतो. टोमॅटो केचप नारिंगी आणि गुठळ्यांचे; बिटाचा रस जांभळट. दोन्ही टाळलेलेच बरे.

आज जगभर प्रचलित असलेली पद्धत मक्याच्या पाकाची. अमेरिकी रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्या कृतीमुळे ती रूढ झाली. मुंबईत त्या पाकाची जागा लिक्विड ग्लुकोज घेते. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते डब्याने मिळते. एक वाटी ग्लुकोजला पाव वाटी कोमट पाणी, खाण्याचा लाल रंग, चमच्याच्या टोकावर मावेल एवढी कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. यात कोको सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर द्रावण आरपार दिसते आणि जेलीसारखे भासते. खरे रक्त बोटभर खोलीतही तळ दिसू देत नाही. जुन्या रक्तासाठी कोको वाढवावा, पाणी कमी करावे. तोंडातून ओघळणाऱ्या रक्तात खाण्याचेच रंग हवेत. रांगोळीचा किंवा होळीचा रंग कदापि नको. डाग सहज निघावेत म्हणून भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब घालतात, पण ती बाटली वेगळी ठेवून तिच्यावर तसे ठळक लिहावे. उघड्या पाकावर मुंग्या-माश्या येतात आणि उकाड्यात तो आंबतो. फ्रिज नसेल तर रोज लागेल तेवढेच करावे.

जखमेच्या मांसासाठी जिलेटिन वापरतात, पण मुंबईच्या मे महिन्यात लाइटखाली ते टिकत नाही. 35 अंशांच्या आसपास ते वितळते आणि गालावरचा घाव हनुवटीपर्यंत घसरतो. त्याऐवजी घेतलेले चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचा जेलीसारखा पदार्थ) एकदा घट्ट झाले की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. ते पटकन तुटते, त्यामुळे हलणाऱ्या सांध्यावर निरुपयोगी. कपाळावर, पोटावर उत्तम. लेटेक्स (द्रव रबर) आणि टिश्यू पेपरचे थर देऊन, सुकल्यावर मधोमध फाडून कडा उचलल्या की फाटलेली कातडी तयार होते. लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते; आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्याशिवाय ते चेहऱ्यावर लावू नये. आतड्यांसाठी मटणवाल्याकडून खरी वजडी आणण्याचा मोह होतो. दुपारपर्यंत बंद खोलीत तिचा वास असा सुटतो की नटाला संवाद म्हणणे अशक्य होते. लेटेक्समध्ये बुडवून पिळलेल्या सुती पट्ट्या कॅमेऱ्याला तेवढ्याच खऱ्या वाटतात.

वाहणाऱ्या रक्तासाठी बाहीच्या आतून सलाइनची नवी नळी घेतात आणि फ्रेमबाहेरचा माणूस सिरिंज दाबतो. धमनीची जखम असेल तर दाब ठोक्याठोक्याने द्यावा. सलग धार नळासारखी दिसते. त्याहून साधी युक्ती म्हणजे मुठीत लपवलेला भिजका स्पंजचा तुकडा: नट जखमेवर हात दाबतो आणि बोटांच्या फटींतून रक्त येते. रिटेकसाठी त्याच शर्टाचे दोन-तीन नग लागतात, आणि भाड्याच्या कपड्यांवर हा प्रयोग करूच नये.

रक्ताची छटा ठरते ती शेवटी प्रकाशात. निळसर रात्रीच्या लाइटमध्ये लाल काळा पडतो, पिवळ्या बल्बखाली नारिंगीकडे झुकतो. म्हणून चाचणी त्याच लाइटमध्ये, त्याच कॅमेऱ्याने घ्यावी. रस्त्यावर किंवा रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण असेल तर परवानगी लागतेच. रक्ताळलेल्या नटाला तसेच रिक्षात बसवून नेऊ नये, लोक खरेच मदतीला धावतात. काम संपल्यावर कपडे आधी गार पाण्यात भिजवावेत आणि अंगावर चिकटलेले लेटेक्स खोबरेल तेलाने सोडवावे.